लिंकच्या केकवर झेल्डाचं नाव

प्रश्न : मी नाशिकला घरून केक करते. चवीबद्दल किंवा सजावटीबद्दल आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. पण गेल्या दोन महिन्यांत तीनदा नावांवरूनच तक्रार आली. हिरवा अंगरखा घातलेला, हातात तलवार घेतलेला गेममधला मुलगा फाँडंटमध्ये (साखरेच्या मळलेल्या गोळ्यात) केला आणि खाली ‘झेल्डा’ लिहिलं, तर ज्याचा वाढदिवस होता तो २४ वर्षांचा मुलगा अक्षरशः हिरमुसला. स्पायडर-मॅनच्या केकवर मधली रेघ राहिली, तर एका बाबांनी फोटोवर लाल गोल काढून पाठवला. तिसऱ्या ऑर्डरमध्ये ‘बेबी योडा’ असंच लिहून आलं होतं, मी तसंच लिहिलं, तरी चूक माझीच ठरली. ही मंडळी उगाच बाऊ करतात का? आणि मी यातलं काहीच बघत नाही, तर चुका टाळू कशा? येत्या शनिवारी बीटीएस या सात गायकांच्या कोरियन गटाचा एक किलोचा केक आहे. त्यावर सात नावं लिहायची आहेत आणि आत्तापासून धाकधूक होते आहे.
– केकवाली, नाशिक

ताई,

बाऊ नाही. लग्नपत्रिकेत मामांचं आडनाव चुकलं तर घरात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. कागद चांगला, छपाई सुंदर, पण मामांची नजर त्या एका शब्दावरून हलत नाही. ज्या मुलाने एका गेममध्ये शंभर-दोनशे तास घालवले आहेत, त्याच्यासाठी लिंक हा मामांइतकाच जवळचा आहे. तुम्ही तीन तास बसून त्याचा अंगरखा, पट्टा, टोकदार कान सगळं नीट केलंत आणि खाली दुसऱ्याच व्यक्तीचं नाव घातलंत. त्याला वाईट वाटलं ते केकच्या मेहनतीला तो मोल देत होता म्हणूनच.

तुमच्या तिन्ही चुका मात्र तीन वेगळ्या जातीच्या आहेत आणि तिन्हींवरचा उपायही वेगळा आहे. म्हणून एकेक घेऊ.

झेल्डाची चूक जगभर होते, कारण ती शीर्षकातूनच होते. गेमचं नाव ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’. निन्टेंडोने पहिला गेम १९८६ मध्ये काढला. खेळणारा ज्या मुलाला चालवतो त्याचं नाव लिंक. झेल्डा ही हायरूल राज्याची राजकन्या, जिला बहुतेक गेममध्ये सोडवायचं असतं. म्हणजे डब्यावर नाव तिचं आणि चित्र त्याचं. बघणारा दोन्ही जोडतो आणि फसतो. यात अलीकडे एक गुंता वाढला आहे : २०२४ मध्ये आलेल्या ‘एकोज ऑफ विज्डम’मध्ये खेळायचं पात्र खुद्द झेल्डाच आहे. तेव्हा ‘झेल्डाचा केक’ अशी ऑर्डर आली तर गेम कुठला ते विचारावंच लागेल. रंगाचंही तसंच. जुना लिंक हिरव्या अंगरख्यात असतो, पण २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मधला लिंक लोकांच्या डोळ्यांपुढे येतो तो निळ्या अंगरख्यात. हिरवा फाँडंट मळून ठेवण्याआधी एवढं विचारलंत तर अर्धा किलो फाँडंट वाचेल.

या जातीच्या चुका मोठ्या घराण्याच्या आहेत. त्याच वर्षी, १९८६ मध्येच, आलेला ‘मेट्रॉइड’ घ्या. नारिंगी चिलखतातल्या पात्राला लोक मेट्रॉइड म्हणतात. तिचं नाव सॅमस ॲरन. मेट्रॉइड हे तिने ज्यांच्याशी लढायचं ते जेलीफिशसारखे तरंगणारे जीव. आणि हो, ती स्त्री आहे. पहिल्या गेममध्ये हे शेवटी उघड होतं आणि त्या काळी तो मोठा धक्का होता. त्यामुळे ‘सॅमसदादा’ अशा थाटाचा मजकूर केकवर गेला तर चाहता दुप्पट दुखावेल. ‘वन पीस’ या जपानी मालिकेचं नाव हे कुणा माणसाचं नाव नाही, तो खजिना आहे. गवती टोपीवाला मुलगा म्हणजे लुफी. त्याचं पूर्ण नाव मंकी डी. लुफी, आणि जपानी रीतीप्रमाणे ‘मंकी’ हे आडनाव आहे. काट्यासारख्या उभ्या केसांचा, केशरी कपड्यांतला गोकू आहे, ‘ड्रॅगन बॉल झी’ नाही. बर्फाची जादू करणारी एल्सा आहे, ‘फ्रोझन’ हे चित्रपटाचं नाव.

सगळ्यात जुनं उदाहरण फ्रँकन्स्टाइनचं. मेरी शेलीची कादंबरी १८१८ ची. फ्रँकन्स्टाइन हे राक्षसाचं नाव नाही, त्याला घडवणाऱ्या व्हिक्टर फ्रँकन्स्टाइनचं आडनाव आहे. राक्षसाला कादंबरीत नावच नाही, आणि ही लेखिकेची चूक नव्हे, तो कथेचा गाभा आहे : ज्याने जन्म दिला त्याने नावसुद्धा दिलं नाही. म्हणून जाणकार वाचक या चुकीने एवढा अस्वस्थ होतो. सपाट डोकं आणि मानेतले खिळे हे रूप कादंबरीतलं नाही, ते १९३१ च्या चित्रपटातलं. बोरिस कार्लॉफने काम केलं, जॅक पिअर्सने रंगभूषा केली. ऑक्टोबरअखेरीस हॅलोविनच्या ऑर्डरी आल्या आणि हिरवट चेहऱ्याचा केक करायचा झाला, तर ‘फ्रँकन्स्टाइनचा राक्षस’ असं लिहा. आणखी एक बारकावा : हुशारी दाखवायला काही जण ‘डॉक्टर फ्रँकन्स्टाइन’ लिहायला सांगतात. कादंबरीतला व्हिक्टर डॉक्टर नाही, विद्यार्थी आहे. ‘डॉक्टर’ ही पदवी त्याला नंतरच्या चित्रपटांनी चिकटवली.

‘डॉक्टर हू’बद्दल थोडं सांभाळून बोलायला हवं. ही १९६३ पासूनची ब्रिटिश मालिका. चाहते तुम्हाला सांगतील की मालिकेचं नाव ‘डॉक्टर हू’ आणि पात्राचं नाव नुसतं ‘द डॉक्टर’. बरोबर आहे. पण खुद्द मालिकेच्या श्रेयनामावलीत १९८१ पर्यंत पात्राचं नाव ‘डॉक्टर हू’ असंच येत होतं, २००५ च्या पुनरागमनातही पहिल्या वर्षी तसंच आलं. म्हणजे इथे चूक करणारा अगदी अडाणी ठरत नाही. केकवर मात्र ‘द डॉक्टर’ लिहा आणि निळी पोलीस पेटी काढा. मालिकेचं नाव लिहायचं असेल तर ‘डॉक्टर’ पूर्ण लिहायचं, ‘डॉ.’ असं आखडायचं नाही.

या सगळ्या घराण्यावर एकच कसोटी चालते. ऑर्डर घेताना दोन स्वतंत्र प्रश्न विचारा : चित्रपटाचं, मालिकेचं किंवा गेमचं नाव काय, आणि चित्रात जो आहे त्याचं नाव काय. दोन्ही रकान्यांत एकच शब्द आला तर थांबा आणि शोधा. नाव खरंच एक असू शकतं (नारुतो हे मालिकेचंही नाव आहे आणि मुलाचंही), पण शोधल्याशिवाय ते धरून चालू नका.

आता ग्रोगू. तुमची तिसरी तक्रार त्याचीच, आणि तिच्यात तुमचा दोष सगळ्यात कमी आहे. ‘द मँडलोरियन’ ही ‘स्टार वॉर्स’च्या जगातली मालिका नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. मोठ्या कानांचं ते हिरवं पिल्लू दिसलं आणि लोकांनी त्याला ‘बेबी योडा’ म्हणायला सुरुवात केली, कारण निर्मात्यांनी त्याचं नाव सांगितलंच नव्हतं. वर्षभर ते ‘द चाइल्ड’ होतं. नोव्हेंबर २०२० मधल्या भागात त्याचं नाव ग्रोगू असल्याचं कळलं. ही गोष्ट घडते ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतला म्हातारा गुरू योडा याच्या मृत्यूनंतर सुमारे पाच वर्षांनी, आणि ग्रोगूचं वय तेव्हा ५० आहे. म्हणजे योडा जिवंत असताना तोही होता. तो लहानपणीचा योडा असूच शकत नाही. दोघं एकाच जातीचे जीव, इतकंच. त्या जातीला चित्रपटांत नावसुद्धा दिलेलं नाही. मालिकेतल्या चंदेरी शिरस्त्राणवाल्याचं नाव दिन जारिन. मँडलोरियन ही त्याच्या लोकांची ओळख आहे, जसं आपण कोकणी किंवा वऱ्हाडी म्हणतो तसं. हिरवट, चेपलेलं शिरस्त्राण असलेला बोबा फेट हा वेगळा माणूस. फाँडंटचा रंग चुकला की माणूसच बदलतो.

अशा ठिकाणी ग्राहकाने लिहिलेलं जसंच्या तसं उतरवून हात वर करता येत नाहीत. ऑर्डर देणारी बहुतेकदा आई, बायको किंवा ऑफिसमधली मैत्रीण असते. चाहता वेगळाच असतो. तिने ‘बेबी योडा’ म्हटलं की तिला चूक दाखवू नका. एवढंच विचारा : ‘मालिकेत त्याचं नाव ग्रोगू आहे, केकवर कुठलं लिहू?’ उत्तर लेखी घ्या. चार वर्षांच्या मुलाला बेबी योडाच हवा असेल तर तेच लिहा, त्याच्या जगात ते बरोबर आहे. पण हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे.

पद आणि नाव यांची गल्लतही अशीच होते. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधली पांढऱ्या केसांची डेनेरिस टार्गेरियन. ‘खलीसी’ हे तिचं नाव नाही; मालिकेतल्या दोथराकी भाषेत टोळीप्रमुखाला ‘खाल’ आणि त्याच्या पत्नीला ‘खलीसी’ म्हणतात. ‘डार्थ’ हे डार्थ व्हेडरचं पहिलं नाव नाही, उपाधी आहे. आणि ज्या ऑर्डरी तुमच्याकडे सर्वांत जास्त येत असतील त्यांत : एल्सा ही राजकन्या नव्हे, राणी आहे. २०१३ च्या पहिल्या चित्रपटात तिचा राज्याभिषेक हाच कथेचा मोठा प्रसंग आहे. ‘प्रिन्सेस एल्सा’ लिहिलंत तर पाच वर्षांची मुलगी तुम्हाला दुरुस्त करेल, आणि ती बरोबर असेल. तिची बहीण ॲना नाही, आना. चित्रपटात तसाच उच्चार आहे, म्हणून देवनागरीत लिहिताना ‘आना’ लिहा.

कॅप्टन मार्व्हल आणि शझाम यांच्याबद्दल चाहतेच आपसात भांडतात, म्हणून तुम्हाला थोडी पार्श्वभूमी असू द्या. लाल पोशाख, छातीवर पिवळी वीज, तो १९४० च्या सुमाराचा नायक मुळात ‘कॅप्टन मार्व्हल’ याच नावाने आला. शझाम हे त्याला शक्ती देणाऱ्या जादूगाराचं नाव आणि तो मंत्रही. पुढे १९६७ मध्ये मार्व्हल कंपनीने त्याच नावाचा स्वतःचा नायक काढला. जुना नायक डीसी कंपनीकडे गेला. मासिकाच्या शीर्षकात मार्व्हलचं नाव वापरता येईना, म्हणून १९७३ पासून मासिकाचं नाव ‘शझाम’ झालं आणि हळूहळू तेच नायकाचं झालं. आज केकवर विजेच्या चिन्हाखाली शझाम आणि तारा असलेल्या लाल-निळ्या पोशाखाखाली कॅप्टन मार्व्हल लिहा. साठीतला एखादा जुना वाचक उलट म्हणाला, तर त्याचंही खरं आहे. त्याला हवं ते लिहून द्या.

दोन जगांची सरमिसळ मात्र कुणीच माफ करत नाही. अव्हेंजर्सच्या केकवर बॅटमॅन ठेवू नका. आयर्न मॅन, थॉर, हल्क, कॅप्टन अमेरिका हे मार्व्हलचे. बॅटमॅन, सुपरमॅन, वंडर वूमन, फ्लॅश हे डीसीचे. बाजारात ‘सुपरहिरो सेट’ म्हणून मिळणाऱ्या प्लास्टिकच्या बाहुल्यांच्या पाकिटात हे सगळे एकत्र असतात, घोटाळा तिथूनच होतो. ‘स्टार वॉर्स’ आणि ‘स्टार ट्रेक’ यांचंही तसंच : टोकदार कानांचा स्पॉक स्टार ट्रेकचा, योडा स्टार वॉर्सचा.

आता ती रेघ. स्पायडर-मॅनच्या नावात इंग्रजीत मधे आडवी रेघ आहे, १९६२ मध्ये तो पहिल्यांदा छापला गेला तेव्हापासून. त्याचा लेखक स्टॅन ली याने याचं कारण सांगितलेलं आहे : सुपरमॅनशी गल्लत होऊ नये. म्हणजे ती रेघ शोभेची नाही, ओळखीची खूण आहे. रेघेनंतरचं एम मोठं. नाव दोन ओळींत मोडावं लागलं तर रेघ पहिल्या ओळीच्या शेवटी राहते, दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला जात नाही. बाकीच्यांना एक नियम नाही, पाठच करावं लागतं. बॅटमॅन, सुपरमॅन, ॲक्वामॅन इंग्रजीत एकसलग शब्द. आयर्न मॅन दोन सुटे शब्द. अँट-मॅन आणि एक्स-मेन रेघेसह. एक कागद लिहून फ्रिजच्या दारावर लावा, पंधरा दिवसांत डोळ्यांना सवय होईल.

अशाच बारीक खुणा आणखी आहेत. पोकेमॉनच्या इंग्रजी नावात ई वर तिरकी रेघ असते, आणि एक असो की दहा, शब्द तोच राहतो, शेवटी एस लागत नाही. ‘कार्स’ चित्रपटातल्या मॅक्वीन गाडीच्या इंग्रजी नावात एम मोठा, सी छोटा, क्यू मोठा, आणि दारावर ९५ हा आकडा. आकडा चुकला तर मुलं आधी तेच बघतात. हॅरी पॉटरच्या शाळेचं नाव हॉगवॉर्ट्स, शेवटचा ‘स’ गाळू नका. छोटा भीमच्या इंग्रजी नावात छोटामध्ये दोन एच आहेत. बाहुबलीच्या अधिकृत इंग्रजी नावात पहिल्या बी नंतर दोन ए. आणि पिता अमरेंद्र, पुत्र महेंद्र. कटप्पाने ज्याला मारलं तो अमरेंद्र. मराठीतही बघा : ‘फास्टर फेणे’मध्ये णे आहे. इंग्रजी पोस्टर बघून ‘फेने’ लिहिलं तर भा. रा. भागवतांचा वाचक लगेच ओळखेल. त्याचं खरं नाव बनेश, गाव फुरसुंगी. ‘झपाटलेला’ची बाहुली करायला सांगितली तर ती तात्या विंचू, अर्धवटराव हा पाध्ये कुटुंबाचा वेगळा, त्याहून कितीतरी जुना बोलका बाहुला आहे. दोन्ही बोलके बाहुले म्हणून लोक नावांची अदलाबदल करतात.

कधी नाव बरोबर येतं आणि चित्र त्याला खोटं पाडतं, म्हणून हेही सांगायला हवं. पिकाचूच्या कानांची टोकं काळी असतात, शेपटीचं टोक काळं नसतं. शेपटीच्या बुडाशी तपकिरी पट्टा असतो. असंख्य लोकांना काळं टोक ‘आठवतं’, पण ते कधी नव्हतंच. हॉगवॉर्ट्सच्या चार गटांपैकी रेव्हनक्लॉचे रंग पुस्तकात निळा आणि ब्राँझ, चिन्ह गरुड. चित्रपटांत निळा आणि चंदेरी, चिन्ह डोमकावळा. ऑर्डर देणारा पुस्तकवाला की चित्रपटवाला, ते विचारा. पहिल्या पुस्तकाचं नाव केकवर हवं असेल तर आपल्याकडे विकली जाणारी ब्रिटिश आवृत्ती ‘फिलॉसॉफर्स स्टोन’ आहे, ‘सॉर्सरर्स स्टोन’ हे अमेरिकन नाव. देवनागरीत हर्मायनी लिहा. ‘हर्मिओन’ लिहू नका. चौथ्या पुस्तकात ती स्वतः एकाला आपल्या नावाचा उच्चार शिकवते.

नाव पडताळायचं कुठून? मूळ वस्तूवरून. चित्रपटाचं पोस्टर, गेमच्या डब्याचं झाकण, पुस्तकाचं मुखपृष्ठ, कलाकाराचं किंवा कंपनीचं स्वतःचं अधिकृत पान. गूगलवर दिसणाऱ्या तयार केकच्या फोटोंवरून नको, कारण तिथे एकाची चूक दुसऱ्याने उतरवलेली असते. बाजारातल्या स्टिकर आणि टॉपरवरून तर अजिबात नको. नकली मालावर नावाची अक्षरं पुष्कळदा मुद्दाम बदललेली असतात. चित्र तयार करून देणाऱ्या ॲपवरही विसंबू नका, त्यांची अक्षरं वेडीवाकडी येतात आणि घाईत लक्षात येत नाहीत. आणि फोनवर नाव टाइप करताना आपोआप होणारी दुरुस्ती बंद ठेवा. बीटीएसमधल्या शुगाचं शुगर तिथेच होतं.

पडताळलेलं नाव ग्राहकाला व्हॉट्सॲपवर पाठवा, पण टाइप करून नाही. केकवर जसं येणार आहे तसं, त्याच ओळींत मोडून, कागदावर लिहून फोटो पाठवा. ‘वाढदिवस ज्यांचा आहे त्यांच्या एखाद्या मित्राला दाखवून घ्या’ अशी एक ओळ जोडा. चाहत्याचा मित्र दोन मिनिटांत चूक पकडतो. हे केक बेक करण्याच्या आदल्या दिवशी करा, त्याच दिवशी नको.

लिहिताना जागेचा हिशेब आधी करा, कारण निम्म्या रेघा आणि मात्रा जागा संपते म्हणून गळतात. अर्धा किलोचा केक साधारण ६ इंची, म्हणजे १५ सेंटिमीटर. दोन्ही कडा दीड-दीड सोडल्या की १२ सेंटिमीटर उरतात. एक सेंटिमीटरची अक्षरं धरली तर एका ओळीत १२ बसतात. ‘लाइटनिंग मॅक्वीन’ची इंग्रजी अक्षरं ९ अधिक ७, म्हणजे १६. एका ओळीत बसवायला गेलात तर शेवटची तीन-चार अक्षरं दाटीने चेपली जातील. आधीच दोन ओळी करा. रेघेलाही एक पूर्ण अक्षराची जागा द्या.

आणि क्रीमवर थेट लिहिणं शक्य तितकं सोडून द्या. व्हिप क्रीमवरचं अक्षर खरवडलं की खालचा थर निघतो आणि रंगाचा डाग राहतो. त्याऐवजी पाटी करा. ६० ग्रॅम पांढरं कंपाऊंड चॉकलेट मायक्रोवेव्हमध्ये ३०-३० सेकंदांनी ढवळत वितळवा, बटर पेपरवर ३ मिलिमीटर जाडीत पसरवा, पाच-सात मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि पुरतं कडक होण्याआधी कापा. फार कडक झालं तर तडकतं. नाव संगणकावर मोठ्या अक्षरात छापून घ्या, शेजारी ठेवा आणि डार्क कंपाऊंडने कोनमधून लिहा. चूक झाली तर पाटी बदला, केकला हात लागत नाही. सुटी अक्षरं हवी असतील तर छापील कागद बटर पेपरखाली सरकवा आणि वरून गिरवा. रेघ निदान ३ मिलिमीटर जाड ठेवा, नाहीतर उचलताना मोडेल. ई वरची तिरकी रेघ वेगळी करून चॉकलेटच्या थेंबाने चिकटवा. चॉकलेट रंगवायचं असेल तर तेलात मिसळणारा रंगच वापरा. पाण्यातल्या जेल रंगाचा एक थेंब पडला तरी चॉकलेट रवाळ होऊन आखडतं.

एवढं करूनही चूक गेलीच, तर वाद घालू नका आणि ‘तुम्हीच तसं सांगितलं होतं’ असं दाखवू नका. दुसरी पाटी अर्ध्या तासात होते. ग्राहक गावातलाच असेल तर ती पाठवून द्या.

आता शनिवार. केकवर मुखपृष्ठासारखं बीटीएस लिहिलंत तरी ती मुलगी आधी सात नावंच वाचेल. इंग्रजीत ती अशी : आरएम, दोन्ही मोठी अक्षरं, मधे टिंब नाही, ‘रॅप मॉन्स्टर’ हे नाव त्याने २०१७ मध्येच सोडलं. जिन. शुगा, सगळी अक्षरं मोठी, शेवटी ‘आर’ नाही. जे-होप, मधे रेघ, आणि अधिकृत लिखाणात जे सुद्धा लहान लिपीत. जिमिन. व्ही, म्हणजे इंग्रजी व्ही हे एकच अक्षर. जंगकूक, ज्याच्या स्वतःच्या गाण्यांवर दोन सुटे शब्द छापतात. चाहते सर्रास जोडून लिहितात, दोन्ही चालतं, पण ऑर्डर देणाऱ्या ताईंकडून मुलीची पसंती विचारून घ्या. चाहत्यांच्या गटाचं नाव आर्मी, इंग्रजीत चारही अक्षरं मोठी. ते लष्कराशी जोडून हिरव्या-तपकिरी छटांचा केक करू नका. रंग जांभळा, व्हीने २०१६ मध्ये चाहत्यांना उद्देशून जांभळ्याचा अर्थ सांगितला तेव्हापासून तोच त्यांचा रंग आहे. व्हिप क्रीमचा रंग काही तासांनी गडद होतो, म्हणून हवा त्याहून एक छटा फिकाच ठेवा. ‘ब्लॅकपिंक’चं कुठलंही चिन्ह नको, तो वेगळा गट.

नावं एकाखाली एक लिहिलीत तर कुणीतरी पहिला आणि कुणीतरी शेवटचा होतो, आणि तिचा लाडका शेवटचा असू शकतो. गोलात मांडा. एक किलोचा केक ८ इंची धरला तर २० सेंटिमीटर व्यास. कडेपासून अडीच सेंटिमीटर आत वर्तुळ धरा, ते १५ सेंटिमीटर व्यासाचं होईल, परीघ सुमारे ४७. सातांत वाटले की प्रत्येकाला साडेसहा सेंटिमीटरपेक्षा थोडी जास्त जागा. चार सेंटिमीटरच्या सात पांढऱ्या चकत्या करा, एकेका चकतीवर एकेक नाव. जंगकूक दोन ओळींत. दोन चकत्या जास्तीच्या करून डब्यात ठेवा. मधली जागा त्या मुलीच्या नावासाठी मोकळी सोडा, आणि त्याची अक्षरंही तिच्या आईकडून लिहून घ्या.